पाठ दुखावल्यावर दवाखान्यात काम शोधताय? आधी कामाचं वजन करा

रावेर पट्ट्यात केळीची गाडी भरणारा माणूस दिवसातून किती वेळा वाकतो, हे मी कधी मोजलं नव्हतं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर 20-25 किलोचा घड आणि पायाखाली पावसाने लोण्यासारखी झालेली काळी माती. एक दिवस पाय सरकला, घड वाचवायच्या नादात अंग पिळवटलं आणि डाव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत वीज गेली. एमआरआयमध्ये कमरेच्या एल-4, एल-5 या मणक्यांमधली गादी सरकलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही, पण ओझ्याचं काम बंद. घरचे म्हणाले, "मग दवाखान्यात लाग कुठेतरी. सावलीतलं काम, पंख्याखाली राहशील."

लागलो. वॉर्डबॉय म्हणून. सात आठवड्यांत परत आडवा झालो.

दवाखान्यातलं काम म्हणजे हलकं काम, हा समज आपल्याकडे पक्का आहे. शेतात, जिनिंगमध्ये, एमआयडीसीत घाम गाळणाऱ्याला पांढऱ्या फरशीवरचं काम सोपंच वाटतं. पण केळीचा घड निदान स्थिर असतो. पेशंट मधेच हलतो, घाबरतो, गळ्यात हात टाकतो. म्हणून पदाचं नाव ऐकून हुरळू नका. त्या कामात दिवसभरात पाठीच्या वाट्याला नेमकं काय येतं ते आधी बघा, फी-बी त्यानंतर भरा. मी हे उलट्या क्रमाने केलं. तुम्ही सुलट करावं म्हणून हे लिहितोय.

आधी पाठ कुठवर आलीय ते ठरवा

काही लक्षणं असतील तर काम शोधणं बाजूला ठेवायचं आणि त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठायचा: लघवी तुंबणं किंवा नकळत होणं, संडासवरचा ताबा जाणं, बसण्याच्या जागी आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा, पाऊल उचललं न जाणं किंवा पायातली ताकद कमी होत जाणं. यात मणक्यातल्या नसांचा जुडगा दाबला गेलेला असू शकतो आणि इथे तासांचा हिशेब असतो. पाठदुखीबरोबर ताप असेल किंवा वजन उतरत असेल तर तेही दाखवून घ्या, आपल्याकडे मणक्याचा टीबी दुर्मिळ नाही.

बाकी बहुतेकांची सरकलेली गादी ऑपरेशनशिवाय 6 ते 12 आठवड्यांत बरीच सावरते. महिनाभर खाटेवर पडून राहण्याचा सल्ला जुना झाला. दुखणं जोरात असताना एक-दोन दिवस विश्रांती, मग झेपेल तेवढं चालणं आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम. पट्टा दुखत्या दिवसांपुरता ठीक, वर्षभर बांधून फिरलात तर स्नायू आळशी होतात. एमआरआयचा कागद वाचून घाबरू नका. काहीही न दुखणाऱ्या माणसांच्या एमआरआयतही 'गादी फुगली' असं निघतं. तुम्हाला काय करता येतं, हे त्या कागदापेक्षा महत्त्वाचं.

आणि उसण भरली म्हणून पायाळू माणसाकडून कमरेवर लाथ मारून घ्यायला जाऊ नका. मी गेलो होतो. पुढचे चार दिवस डोळ्याला डोळा नव्हता. साध्या उसणीत लोकांना बरं वाटत असेलही, ती आपोआप बरी होतेच. पण गादी नसेवर दाबत असताना पाठीवर लाथ खाणं म्हणजे आगीत तेल.

घरच्या घरी वजनकाटा

आपल्याला किती झेपतं, हे आपण स्वतःलाच खोटं सांगतो. पगाराची गरज असली की जास्तच. मी फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने आठवडाभर वही ठेवली. काटा घरातच असतो: पाण्याने भरलेली 10 लिटरची बादली 10 किलो, तेलाचा भरलेला डबा 15 किलो, सिमेंटची गोणी 50 किलो. बादली जमिनीवरून नको, कमरेएवढ्या ओट्यावरून उचलायची, सुरुवात अर्ध्या बादलीने करायची आणि डॉक्टरांनी मनाई केली असेल तर हा भागच सोडून द्यायचा.

वहीत चार गोष्टी लिहायच्या. सलग किती मिनिटं बसता येतं. सलग किती मिनिटं उभं राहता येतं. सपाट रस्त्याने किती चालता येतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं. हा चौथा रकाना सगळ्यात खरा. काम करताना दुखलं आणि रात्रीत उतरलं तर चालतं. सकाळी उठताना कालपेक्षा जास्त दुखत असेल, किंवा कमरेतली कळ पायात उतरली असेल, तर काल हद्द ओलांडली असं समजायचं.

माझी वही पहिल्या महिन्यात सांगत होती: बसणं 25 मिनिटं, उभं राहणं 40 मिनिटं, चालणं दोन किलोमीटर, उचलणं 5 किलो. म्हणजे मला चालतं-फिरतं, मधूनमधून बसायचं काम हवं होतं. सलग बसायचं कामही वाईटच ठरलं असतं. सायटिकाच्या, म्हणजे नस दबून कळ पायात उतरणाऱ्या माणसाला बसणं अनेकदा उभं राहण्यापेक्षा जड जातं, हे घरच्यांना पटवताना नाकी नऊ येतात.

बायकांनी वहीत घरकामही धरावं. सकाळी पाणी भरून, भाकरी थापून, दुपारी कापूस वेचून आलेल्या कमरेचा संध्याकाळच्या पाळीआधीच निम्मा कोटा संपलेला असतो. नोकरी लागली म्हणून घरातला हंडा कोणी दुसरं उचलणार आहे का, हे आधी ठरवा. त्याचं उत्तर 'बघू' असेल तर ते 'नाही'च धरा.

कोणतं काम किती जड

दहावी-बारावीवर किंवा छोट्या कोर्सवर मिळणारी कामं मी पाठीच्या नजरेने लावतो.

वॉर्डबॉय, आया, मावशी, आणि नव्या नावाने जनरल ड्युटी असिस्टंट. हे दवाखान्यातलं सगळ्यात सहज मिळणारं आणि पाठीला सगळ्यात महाग पडणारं काम. पेशंट खाटेवरून ट्रॉलीवर, ट्रॉलीवरून एक्स-रेच्या टेबलावर, पुन्हा खाटेवर. अंथरूण बदलणं, कूस बदलणं, बेडपॅन देणं, हे सगळं वाकून. 70 किलोच्या माणसाचा एक पाय जवळजवळ 11 किलो भरतो. ड्रेसिंगवेळी 'जरा पाय धर' म्हणतात ना, तेव्हा कमरेत वाकून, हात लांब करून तुम्ही तेवढं वजन मिनिटभर तोलत असता. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेच्या सूत्रावरून पेशंट हाताने उचलण्यासाठी 35 पौंड, म्हणजे साधारण 16 किलोंची हद्द सुचवली गेली आहे, तीही सगळं अनुकूल असताना. पूर्ण वाढलेला कुठलाही माणूस एकट्याने उचलणं या हिशेबात बसतच नाही. त्यात जम्बो ऑक्सिजन सिलिंडर, सिमेंटच्या गोणीहून जड, तो कडेवर गोल फिरवत न्यायचा.

माझं दुसरं दुखणं इथलंच. रात्री अडीचची वेळ, ट्रॉलीवर ऐंशीच्या घरातले एक जाडजूड बाबा, लिफ्टच्या फटीत पुढचं चाक अडकलं. माझ्या जोडीचा भाऊ तिसऱ्या मजल्यावर झोपलेला. ट्रॉली कलली, बाबा घसरायला लागले आणि मी एका बाजूने वाकून त्यांना खांद्याला धरलं. बाबा वाचले. त्यांनी मला रामराम केला, मी भिंत धरून खाली बसलो. सकाळी सुपरवायझरने विचारलं, "दोघं का नव्हता?" ड्युटी लावणारा तोच होता.

तेव्हा पाठ दुखावल्यावर पहिलं वर्ष तरी हे काम नको. घरी जाऊन रुग्णसेवा करणं त्याहूनही नको. तिथे पेशंट खाली गादीवर किंवा बाजेवर असतो, खाट उंच-खाली होत नाही, मदतीला दुसरा माणूस नाही, बाथरूमच्या उंबऱ्यावर तर देवच आठवतो. ब्युरोवाले 12 तासांची ड्युटी सांगतात, काही वेळा 24 तासांची.

108 सारख्या रुग्णवाहिकेवरचं काम इज्जतीचं आहे, पण स्ट्रेचर जिन्यावरून उतरवणं आणि खड्ड्यातले धक्के हे दोन्ही दुखऱ्या मणक्याचे वैरी. लॅबसाठी मोटारसायकलवर फिरून सॅम्पल गोळा करण्याचंही तसंच, थर्मास हलका, रस्ता जड. ऑपरेशन थिएटरमध्ये तासन्‌तास एका जागी उभं राहणं आणि उपकरणांचे जड ट्रे, कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीत, वर शिशाचा एप्रन. हे नंतर बघू म्हणून ठेवा.

मधल्या वजनाची कामं. मेडिकल स्टोअरचा मदतनीस: उभं राहणं बरंच, पण चालणं-वळणंही होतं. सलाइनचे खोके कोण उचलणार, एवढं आधी विचारा. अर्धा लिटरच्या 24 बाटल्यांचा खोका 12 किलोंच्या वर जातो आणि तो नेमका फडताळाखाली ठेवलेला असतो. स्वतः औषध देणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टचं काम, मदतनिसाने त्याच्या देखरेखीखालीच करायचं. छोट्या डॉक्टरांकडचा कंपाउंडर: नंबर लावणं, वजन-बीपी घेणं, पुड्या बांधणं, संध्याकाळी झाडू. पाठीला बरं. पण अंगावर प्रशिक्षण नसताना सुई मारायला लावत असतील तर नम्रपणे नाही म्हणा, काही बिघडलं तर डॉक्टर बाजूला राहतात.

लॅबमध्ये रक्त घेणं हे काम मला आवडतं. उंच स्टूल, पेशंटचा हात टेबलावर, पाच मिनिटांत उठणं-बसणं. वॉर्डात जाऊन खाटेवरच्या पेशंटचं रक्त घेताना मात्र वाकावं लागतं, तिथे स्टूल ओढून घ्यायची सवय लावा. यासाठी डीएमएलटी, म्हणजे लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा, करायला बारावी सायन्स आणि दोन वर्षं लागतात. डोळ्यांच्या दवाखान्यात नेत्र तपासणीचा मदतनीस हेही असंच: आकड्यांचा फळा, लेन्स, थेंब टाकणं, पेशंट चालत येतो आणि चालत जातो. पेशंट चालता असतो, एवढ्यानेच पाठीचं निम्मं ओझं कमी होतं. दात, त्वचा, कान-नाक-घसा, डोळे अशा दवाखान्यांची यादी करा आणि तिथूनच सुरुवात करा.

आता हलकी कामं. केस पेपर काउंटर, बिलिंग, मेडिकल रेकॉर्ड, चौकशी खिडकी, विम्याचं आणि सरकारी योजनेचं डेस्क. यातलं योजनेचं डेस्क बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2 जुलै 2012 ला ज्या आठ जिल्ह्यांत आधी सुरू झाली, त्यात धुळे होतं. तीच पुढे महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना झाली आणि आयुष्मान भारतशी जोडली गेली, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार. योजनेत असलेल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो आणि दवाखान्याचा स्वतःचाही माणूस कागदपत्रं चढवायला लागतो: रेशनकार्ड, आधार, फोटो, रिपोर्ट स्कॅन करून मंजुरीला पाठवणं. पदवी आणि संगणक असेल तर आरोग्यमित्राच्या जागेवर लक्ष ठेवा, नसेल तर दवाखान्याच्या बाजूचं काम मागा.

इथे आपल्याकडे एक भांडवल आहे, त्याची किंमत लावायला शिका: भाषा. खिडकीवर बाई येते, कागद पुढे करते आणि गप्प उभी राहते. "काय व्हयनं, माय?" एवढं अहिराणीत विचारलं की ती घडाघडा बोलते. नंदुरबार, शहादा, तळोद्याकडे भिली, पावरी येणारा माणूस तर काउंटरवर सोन्यासारखा. सातपुड्यातून धडगाव, अक्कलकुव्याहून आलेल्या पेशंटला कुठल्या खोलीत जायचं, गोळी उपाशीपोटी की जेवून, हे त्याच्या बोलीत सांगणारं कोणी नसलं तर पेशंट निघून जातो. त्या भागात सिकलसेलचे, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे पेशंट जास्त आहेत. 1 जुलै 2023 पासून देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाचं मिशन सुरू झालं, त्यात तपासणी आणि समुपदेशन दोन्ही बोलून करायची कामं आहेत. अर्जात 'भाषा' या रकान्यात मराठी, हिंदी लिहून थांबू नका. अहिराणी, लेवा गणबोली, गुजर, पावरी, जे येतं ते लिहा.

आशाताईंचं काम पाठीला उचलण्याने त्रास देत नाही, पण पायपीट आहे आणि मोबदला कामागणिक. गावातलीच रहिवासी बाई लागते. गाव सपाट असेल आणि चालणं जमत असेल तर विचार करा. सातपुड्यातले पाडे असतील तर आधी वहीतला चालण्याचा रकाना बघा.

फी भरण्याआधी एक पाळी बघून घ्या

हे कोणी करत नाही. ओळखीच्या नर्सला, लॅबवाल्याला, डॉक्टरांना सांगून एक सकाळ तिथे बसायची परवानगी मागा. बहुतेक ठिकाणी 'काय बघायचंय त्यात' म्हणत देतात. गर्दीच्या दिवशी जा, आठवडे बाजाराच्या दिवशी तर नक्कीच, कारण तेव्हा खेड्यावरचे सगळे पेशंट एकदम येतात. खिशात वही ठेवा आणि एका माणसाकडे बघत राहा: तासात किती वेळा वाकला, किती वेळा काही उचललं, कधी बसला, पाणी प्यायला उठू दिलं का, जेवायला किती वाजता गेला. मी सिव्हिलच्या केस पेपर खिडकीसमोर बाकड्यावर अडीच तास बसलो होतो. आतला माणूस त्या वेळात एकदाही उठला नाही, खुर्चीची पाठ मोडलेली आणि तिला दोरीने फळी बांधलेली. 'बसून काम' म्हणजे काय, ते तिथे कळलं. त्याच इमारतीत रेकॉर्ड रूममधला माणूस मात्र फायली काढत, लावत, चालत होता. मी रेकॉर्डचं काम शोधायला लागलो ते तेव्हापासून. फक्त वरच्या फळीवरचे गठ्ठे उतरवताना स्टूल हवं आणि एका वेळी एकच गठ्ठा.

येण्या-जाण्याचाही हिशेब याच दिवशी करा. मोटारसायकलवर खड्ड्यांतून तासभर जाणं हे पाठीसाठी अर्धी पाळीच आहे. भुसावळ, जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार ही गावं रेल्वेवर आहेत, मासिक पास स्वस्त पडतो आणि धक्के कमी. एसटीत मागच्या चाकावरची आणि शेवटची सीट सोडून मधली धरा. पगार 1,000 रुपये कमी पण पायी जाण्याएवढं जवळ, असं काम मिळालं तर पहिल्या सहा महिन्यांसाठी मी ते घेईन.

कोर्स आणि भामटे

पाठ सावरत असताना हाताशी वेळ असतो, तो वाया घालवू नका. एमएस-सीआयटी आणि मराठी टायपिंग या दोन गोष्टी काउंटर, बिलिंग, रेकॉर्ड सगळीकडे चालतात. क्लासमध्ये 'मला दर 25 मिनिटांनी उठावं लागतं' हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. रेडक्रॉस किंवा सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्सचा प्रथमोपचार वर्ग जवळ कुठे होत असेल तर करा. छातीदाब शिकताना गुडघ्यावर बसून वाकावं लागतं, ते प्रात्यक्षिक पाठ सावरल्यावर केलेलं बरं.

सरकारी कौशल्य योजनांतला जनरल ड्युटी असिस्टंटचा कोर्स फुकट किंवा स्वस्त मिळतो म्हणून लगेच नाव घालू नका, तो शेवटी वॉर्डातच नेतो. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात जाऊन इतर कोणते वर्ग आहेत ते विचारा आणि महास्वयम पोर्टलवर नाव नोंदवून ठेवा.

नर्सिंगचं म्हणाल तर एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा. 'सहा महिन्यांत नर्स व्हा' असा बोर्ड बसस्टँडसमोरच्या दोन खोल्यांच्या गाळ्यावर दिसला तर पुढे चला. माझ्या मावसबहिणीने अशा ठिकाणी 40,000 भरले. प्रमाणपत्र चकचकीत मिळालं, त्यावर तीन शिक्के होते, त्यातला एकही कुठल्या दवाखान्यात चालला नाही. नर्सिंगच्या कॉलेजला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता, पॅरामेडिकल कोर्सला पॅरामेडिकल कौन्सिलची, हे कागद फी भरण्याआधी बघायचे आणि त्यांच्या यादीत नाव स्वतः शोधायचं. 'मान्यता येणारच आहे' म्हणाले तर आल्यावर येतो म्हणायचं. पैसे घेऊन सिव्हिलमध्ये लावून देणाऱ्या दादांबद्दल काही लिहीत नाही, प्रत्येक तालुक्यात एक असतो आणि सगळ्यांना माहीत असतो.

डॉक्टरांची चिठ्ठी आणि मुलाखत

'फिट' एवढंच लिहिलेली चिठ्ठी पाठदुखीवाल्याच्या काही कामाची नाही, आणि 'हलकं काम द्यावं' हेही नाही, कारण हलकं म्हणजे काय ते सुपरवायझर ठरवतो. हाडांच्या डॉक्टरांना सांगा की आकडे लिहून द्या: किती किलोंपर्यंत उचलायचं, सलग किती वेळ बसायचं-उभं राहायचं, वाकून पेशंट हलवायचा की नाही, आणि हे किती महिन्यांसाठी. तुमची वही सोबत न्या, डॉक्टरांनाही सोपं जातं.

मुलाखतीत दुखण्याची कथा सांगत बसू नका, लपवूही नका. माझं वाक्य ठरलेलं होतं: "10 किलोपर्यंतचं सगळं करतो, पेशंट एकट्याने उचलणार नाही, दर अर्ध्या तासाने दोन मिनिटं उठेन. बाकी वेळेला पक्का आहे." दोन ठिकाणी नकार मिळाला. तिसऱ्या ठिकाणी मॅनेजर म्हणाले, "अर्ध्या तासाने उठणार असशील तर फायली वरच्या मजल्यावर तूच नेत जा." लिफ्टने नेतो, मजेत आहे.

तुम्हीही विचारा. पाळी 8 तासांची की 12? रात्रपाळी किती? माणूस आला नाही तर वॉर्डात पाठवता का? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. छोट्या दवाखान्यात रिसेप्शनवरची मुलगीसुद्धा वेळेला ट्रॉली ढकलते. आणि ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापता का? महिना 21,000 पर्यंत पगार असणाऱ्याला, दवाखान्याला ईएसआय लागू असेल तर, पगारातून 0.75 टक्के जातात आणि मालक 3.25 टक्के भरतो. आजारपणात वर्षात 91 दिवसांपर्यंत 70 टक्के पगार मिळू शकतो, त्यासाठी सहा महिन्यांच्या हप्त्याच्या काळात 78 दिवसांची हजेरी लागते. कामावर असतानाच इजा झाली तर 90 टक्के, आणि तिथे हजेरीची अट नाही. पण इजेची नोंद त्याच दिवशी रजिस्टरमध्ये हवी. माझी लिफ्टजवळची रात्र कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही.

काम लागल्यावर

खुर्ची. पहिल्या दिवशी खुर्चीसाठी भांडण काढता येत नाही, म्हणून मी घरून जुना टॉवेल नेला, गुंडाळी करून कमरेच्या खळग्यात ठेवतो. मॉनिटर दोन बाद रजिस्टरांवर चढवला, म्हणजे मान खाली जात नाही. पाय लोंबकळत होते, त्याखाली सलाइनचा रिकामा खोका. पाण्याची बाटली टेबलावर ठेवत नाही. माठ व्हरांड्याच्या टोकाला आहे, मे महिन्यात 44-45 डिग्रीला तहान लागली की उठावंच लागतं, मोबाईलचा अलार्म विसरला तरी चालतं.

पेशंटला हात लावायची वेळ आलीच तर: दोन माणसं झाल्याशिवाय नाही. ट्रॉलीची चाकं लॉक केलीत ना, ते पायाने दाबून बघायचं. पेशंटखालची चादर दोन्ही बाजूंनी गुंडाळून घट्ट धरायची आणि उचलण्यापेक्षा सरकवायचं. पाय फाकवून, गुडघे वाकवून, पेशंट अंगाच्या जवळ. वळायचं असेल तर कमरेतून पिळा न मारता पावलं टाकून वळायचं. 'एक, दोन, तीन' म्हणणारा एकच असावा आणि त्याने मोठ्याने म्हणावं. पेशंटला तुमच्या गळ्यात हात टाकू देऊ नका, कोपराला धरायला सांगा. आणि पेशंट पडायलाच लागला तर, हे कठीण वाटेल, पण त्याला हवेत तोलू नका. डोकं सांभाळत अंगावरून हळूहळू खाली जमिनीवर येऊ द्या आणि हाक मारा. त्या रात्रीआधी मला हे कोणी शिकवलं असतं तर बाबाही वाचले असते आणि मीही.

पाठीशिवायच्या दोन गोष्टी, कारण नवीन माणसाला त्या कोणी सांगत नाही. कचऱ्याचे रंग पाठ करा, मुलाखतीतही विचारतात: रक्ताने माखलेला कापूस, पट्ट्या, अवयव पिवळ्यात, सलाइनच्या नळ्या, प्लास्टिक लाल डब्यात, सुया, पाती पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. भरलेली पिशवी खांद्यावर टाकू नका, ओढत नेऊ नका, चाकाच्या ट्रॉलीने न्या, यात पाठही वाचते आणि सुई टोचायची भीतीही कमी होते. सुई टोचलीच तर जखम दाबून रक्त काढत बसू नका, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि लगेच डॉक्टरांना सांगा. एचआयव्ही टाळायची औषधं जितकी लवकर तितकी बरी, 72 तासांनंतर उपयोग राहत नाही.

हिपॅटायटिस बीची लस काम लागण्याची वाट न बघता घेऊन टाका. तीन डोस असतात: आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. पाठ सावरायला लागणाऱ्या काळात पहिले दोन सहज होतात. धनुर्वाताचंही विचारून घ्या. लसीचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आधार कार्डाजवळ ठेवा, मोठे दवाखाने रुजू होताना मागतात.

वही पहिले तीन महिने बंद करू नका. सकाळचा रकाना सलग तीन दिवस बिघडला तर चौथ्या दिवशी कामाची वेळ किंवा काम बदलून मागा, पाचव्या दिवशी डॉक्टर. माझ्या वहीत सध्या बसणं 50 मिनिटं, चालणं पाच किलोमीटर, उचलणं 10 किलो आहे. हिपॅटायटिसचा तिसरा डोस येत्या 12 तारखेला आहे, आणि त्या दिवशी नेमका बाजार आहे, तेव्हा खिडकी उघडण्याआधीच घेऊन यावा लागेल.